विश्लेषण : वादळ सरले, तरी कोकणातील घरगुती निवास सावरायला इतकी वर्षे का लागतात?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि काही तासांत पुढे सरकले. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपासून दापोली तालुक्यातील केळशी, आंजर्लेपर्यंतच्या पट्ट्यातील अनेक घरगुती निवासांचा हिशेब मात्र त्यानंतर बराच काळ जुळला नाही. घर, वाडी आणि धंदा एकाच छपराखाली असलेल्या कुटुंबाला मदतीच्या कोणत्या रकान्यात बसवायचे, याचे उत्तर आपल्या व्यवस्थेकडे तेव्हा नव्हते. ते आजही पुरेसे नाही.

घरगुती निवास म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना अनेकांना परिचित आहे. पण किनाऱ्यावर हा व्यवसाय कागदावरील योजनेपेक्षा कितीतरी मोठा आहे. रस्त्याला लागून घर, मागे नारळ-सुपारीची वाडी, पडवीला जोडून काढलेल्या दोन-चार खोल्या, विहिरीवरचा पंप आणि घरच्याच स्वयंपाकघरात रांधलेले जेवण असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. सासू-सून स्वयंपाक सांभाळतात, मुलगा फोनवर आरक्षण घेतो, वडील वाडी पाहतात. पगारी माणूस असलाच तर एखादा.

या रचनेचे बळ म्हणजे एका उत्पन्नाने दुसऱ्याला सांभाळणे. सुपारीचा भाव पडला तर मे महिन्यातले पाहुणे वर्ष तारून नेतात. पाहुणे कमी आले तर नारळ-सुपारी घर चालवते. मात्र या दोन्ही आधारांची जागा एकच असते. वाऱ्याचा एक तडाखा दोन्ही एकाच वेळी मोडतो.

असे घर बाहेरच्या घटनांवर किती अवलंबून असते, हे दिवेआगरने आधीही अनुभवले आहे. १९९७ मध्ये तिथल्या वाडीत सोन्याचा गणेश मुखवटा सापडला आणि गाव पर्यटनाच्या नकाशावर आले. २०१२ मध्ये मुखवट्याची चोरी झाली आणि वर्दळ ओसरली. २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. मधल्या काळात ज्यांनी खोल्या बांधल्या होत्या, त्यांना पाहुणा न येणे म्हणजे काय ते ठाऊक होते. पण तेव्हा निदान छप्पर आणि वाडी जागेवर होती.

‘निसर्ग’ने काय काय मोडले?

ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने कौले आणि पत्रे उडवले, माड आणि सुपाऱ्या आडव्या केल्या, विजेचे खांब पाडले. अनेक गावांत वीज येण्यास आठवडे लागले. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही आणि मोबाइलही बंद. वादळ जूनच्या सुरुवातीला आल्याने पाठोपाठ पावसाळा सुरू झाला. उघड्या छपराखाली गाद्या, लाकूड, वायरिंग सारे भिजले. पत्रे, कौले आणि गवंडी सगळ्या गावाला एकाच वेळी हवे असल्याने तुटवडा पडला.

काळही वाईट होता. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागल्याने एप्रिल-मेचा हंगाम आधीच बुडाला होता. म्हणजे वादळ आले तेव्हा गाठीला असायला हवी ती उन्हाळ्याची कमाई नव्हतीच. पुढच्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेने पुन्हा मे महिना नेला आणि त्याच महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले. सलग दोन उन्हाळे हातचे गेल्यावर मोठे हॉटेलही डळमळते. इथे तर सारा डोलारा घरखर्चातून वाचवलेल्या पैशांवर उभा असतो.

शिवाय एक नुकसान पंचनाम्यात येतच नाही. पाहुणा किनाऱ्यासाठी येतो, पण राहतो वाडीच्या सावलीत. सुपारी किंवा नारळाचे रोप उत्पन्न देऊ लागायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. पत्र्याची खोली दोन महिन्यांत उभी राहते. ती ज्या गारव्यासाठी भाड्याने जात होती तो गारवा मात्र लवकर परत येत नाही.

मग सरकारी मदत मिळालीच नाही का?

मिळाली, आणि राज्य सरकारने नेहमीच्या निकषांपेक्षा वाढवूनही दिली. वादळानंतर लगेच रायगडसाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर झाली. पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५,१०० रुपयांऐवजी दीड लाख रुपये, तर बागायतीसाठी हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार रुपये असे दर ठरले. हे श्रेय सरकारला द्यायला हवे.

अडचण मोजमापात होती. किनाऱ्यावरची वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी भुईसपाट झाली तर पाच हजार. या तक्रारीनंतर झाडनिहाय मदतीचा निर्णय झाला. सुपारीच्या झाडाला ५० रुपये आणि नारळाच्या झाडाला २५० रुपये. त्या हिशेबाने १०० सुपाऱ्या आणि १५ माड गमावलेल्या कुटुंबाला ८,७५० रुपये मिळतात. पडलेली झाडे कापून वाडी मोकळी करण्याची मजुरीही त्यात भागणे कठीण.

दुसरी अडचण रकान्यांची. पंचनामा घर, शेती, पशुधन, दुकान अशा खणांत केला जातो. घरगुती निवास यांतील कोणत्याच खणात नीट बसत नाही. भिंती उभ्या राहून फक्त छप्पर गेले असेल, तर ते ‘अंशतः नुकसान’ ठरते आणि मदत काही हजारांवर येते. पाहुण्यांच्या खोलीतील पलंग, शीतकपाट, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर यांना घरगुती सामान म्हणावे की धंद्याचे भांडवल, याचे ठरलेले उत्तर नाही. रद्द झालेल्या आरक्षणांचा तर प्रश्नच येत नाही, कारण आपत्ती प्रतिसाद निधीचे स्वरूपच ‘मदत’ असे आहे, ‘भरपाई’ असे नाही.

रकाना असला की किती फरक पडतो, हे पुढच्याच वर्षी दिसले. जुलै २०२१ च्या चिपळूण, महाडच्या पुरानंतर नुकसानग्रस्त दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार रुपयांपर्यंत मदत देण्याचे ठरले. रक्कम अपुरी होती, पण दुकान हे उपजीविकेचे साधन आहे, हे तरी मान्य झाले. पाहुण्यांची खोलीही तेच साधन आहे.

कर्ज आणि विम्याचा आधार का मिळाला नाही?

केंद्राने मे २०२० मध्ये आणलेल्या आपत्कालीन पतहमी योजनेत २९ फेब्रुवारी २०२० रोजी जे कर्ज थकीत होते, त्याच्या २० टक्के अतिरिक्त कर्ज मिळत होते. आदरातिथ्य क्षेत्रासाठी पुढे ही मर्यादा ४० टक्के झाली. पण मुळात बँकेचे व्यवसाय कर्जच नसेल तर त्याचे २० टक्के काय आणि ४० टक्के काय? दागिने गहाण ठेवून, पतपेढीतून किंवा मुंबईच्या भावाकडून पैसे घेऊन खोल्या बांधणारे कुटुंब या योजनेच्या दारातच अडले. जून २०२१ मध्ये पर्यटन क्षेत्रासाठी जाहीर झालेली कर्जहमी नोंदणीकृत पर्यटन संस्था आणि परवानाधारक मार्गदर्शकांपुरती होती.

नवे कर्ज घ्यायचे तर सातबारा आडवा येतो. कोकणात तो बहुधा सामाईक असतो. एक भाऊ गावी, दोन मुंबईत, एखादी बहीण परदेशी. सगळ्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत हंगाम निघून जातो.

विम्याचेही तसेच. राहते घर म्हणून उतरवलेला विमा आणि त्यात चाललेला व्यवसाय यांचा मेळ बसला नाही तर दाव्यावर वाद होऊ शकतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ आणि पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा प्रमाणित पॉलिसी आणल्या. त्यांत वादळ आणि पूर यांचे संरक्षण आहे. सोय चांगली आहे. पण ती ‘निसर्ग’नंतर आली आणि ती घेण्यासाठी आपण ‘उद्यम’ आहोत हे आधी कुटुंबाला वाटावे लागते.

नोंदणी न करणाऱ्यांना सरकारने पैसे का द्यावेत?

हा आक्षेप गैरलागू नाही. कागदावर नसलेल्या धंद्याचे नुकसान मोजणार कसे? खोटे दावे येणार नाहीत कशावरून? किनाऱ्यालगत नियम डावलून केलेल्या बांधकामांना सार्वजनिक पैशातून पुन्हा उभे करायचे का? नियमबाह्य बांधकामाला मदत मिळू नये, हे योग्यच.

पण हा आक्षेप अर्धीच बाजू मांडतो. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेनुसार स्थानिकांनी आपल्या मूळ घराचा पाया, रचना आणि दर्शनी भाग न बदलता त्यात पाहुणे ठेवण्यास वाव आहे. म्हणजे कायद्याला हा व्यवसाय मान्य आहे. कुटुंबे नोंदणी टाळतात त्यामागे व्यापारी दराचे वीजबिल, वाढीव घरपट्टी आणि चार कार्यालयांच्या खेपा यांची भीती असते. नोंदणी केल्याने खर्च वाढतो आणि संकटात हाती काही लागत नाही, असा अनुभव असेल तर नोंदणी न करणे हा त्यांच्या बाजूने साधा हिशेबच ठरतो. तो हिशेब बदलणे सरकारच्या हातात आहे.

काय करता येईल?

पहिले पाऊल आपत्तीच्या आधी उचलायला हवे. ग्रामपंचायतीत एका अर्जावर, घरगुती वीजदर आणि घरपट्टी कायम राहील या हमीसह, खोल्या आणि सामानाची साधी नोंद व्हावी. ती असेल तर पंचनाम्यात ‘निवास व्यवसाय’ असा रकाना जोडणे कठीण नाही आणि खोट्या दाव्यांनाही आळा बसतो.

दुसरे, कर्जाची परतफेड दरमहा नव्हे, हंगामानुसार असावी. जुलैत हप्ता मागणे म्हणजे किनाऱ्याचे पंचांगच न पाहणे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घरगुती निवासांसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. तारण नसलेले हे कर्ज सामाईक सातबाऱ्याच्या कोंडीवर उपाय ठरू शकते, पण परतफेडीचे वेळापत्रक बदलले तरच.

तिसरे, विमा एकेकट्याने न उतरवता गावातील निवासांनी मिळून उतरवावा आणि पहिली काही वर्षे हप्त्याचा वाटा राज्याने उचलावा. दर वादळानंतर तातडीचे कोट्यवधी जाहीर करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

चौथे, वीज. अलिबाग आणि रत्नागिरी परिसरात भूमिगत वीजवाहिन्यांची कामे हाती घेण्यात आली. ती छोट्या गावांपर्यंत गेली पाहिजेत. खोली सावरली आणि महिनाभर वीज नसली, तर पाहुणा येत नाही.

राहता राहिली वाडी. तिला कोणताही शासन निर्णय लवकर मोठी करू शकत नाही. २०२० च्या पावसात लावलेली सुपारी २०२६-२७ च्या सुमारास फळ धरू लागेल. मधली ही सहा-सात वर्षे कुटुंबाने कशावर काढायची, हाच पुनर्वसनाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पंचनाम्याच्या आठवड्यात शोधून सापडणार नाही. पुढचे वादळ येण्याआधी ते तयार असायला हवे.