माप भिंतीचे की माणसांचे?

गिंडीच्या परिसरात बदलीवर येऊन राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांत सध्या सोफा ‘खास करवून घेण्याची’ हौस बळावली आहे. ह्या हौसेस आमचा विरोध नाही. तयार माल उचलून आणण्यापेक्षा आसारीस (इकडे सुतारास हेच नाव आहे) बोलावून काम सांगणे केव्हाही श्रेयस्कर. आमचा आक्षेप निराळाच आहे. यजमान आसारीपुढे काय ठेवतात? मोबाईलवरील एक चित्र! मग भिंतीचे माप घेतले जाते, कापडाचा रंग ठरतो. वर बसणाऱ्या माणसांचे माप मात्र कोणीच घेत नाही. असा सोफा डोळ्यांदेखत घडला तरी परकाच. त्यास ‘खास’ म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना होय.

बाजारी सोफ्याचे आसन सामान्यतः जमिनीपासून १७-१८ इंच उंच असते. ठेंगण्या आजीबाईंचे पाय त्यावर अधांतरी लोंबतात. रुंदी अशी की, मांडी घालताच गुडघे कडेबाहेर येतात. हीच मापे पैसे मोजून पुन्हा घरी करवून घ्यावयाची, तर दुकानाने काय घोडे मारले होते?

कोणी म्हणेल, ‘मांडीच घालावयाची तर सतरंजी अंथरा, सोफ्यावर सोफ्याप्रमाणे बसावे!’ ह्या मंडळींस त्या शब्दाचे कूळ ठाऊक नसावे. ‘सोफा’ हा मूळचा अरबी ‘सुफ्फा’. गालिचे नि उशा घातलेला उंचवटा म्हणजे सोफा, हाच त्याचा जुना अर्थ, आणि त्यावर पाय वर घेऊनच बसत. पाय खाली सोडण्याची सक्ती युरोपच्या दिवाणखान्यांनी मागाहून लादली. सतरंजीवरून उठताना ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी उंचीवर अवश्य बसावे. पण ती उंची त्यांच्याच गुडघ्याची असावी, चित्रातील परक्या माणसाच्या गुडघ्याची नव्हे.

हवेचेही तेच. चेन्नईच्या दमट उकाड्यात रेक्झिन पाठीस चिकटते. वेताच्या विणीतून वारा खेळतो आणि वीण सैल झाली तर पुन्हा विणता येते. सावरीच्या कापसाची गादी उन्हात टाकता येते. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदीचे पाणी घराघरांत शिरले. अशा पाण्यात भुशाच्या दाबलेल्या फळ्या फुगून फुटतात; सागवान वाळवून पुन्हा उभे करता येते. सागास पैसा अधिक पडतो, हे मान्य. म्हणून सोफा लहान करावा. लाकूड हलके करू नये.

आणि बदली? तिचा विसर केंद्र सरकारच्या कारकुनास पडावा, हे नवलच. काटकोनात वळलेला अगडबंब सोफा आज कोपऱ्यात चपखल बसेल. उद्या दुसऱ्या गावच्या क्वार्टरच्या दारातून तो आत कसा जावयाचा? आपला सोफा बोल्ट काढताच सुटा होणारा हवा.

तेव्हा आसारी आला की चित्र बाजूस ठेवावे. प्रथम घरातील वडीलधाऱ्यांस बसवून त्यांच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजावे. मग मांडी घालून बसल्यावर लागणारी जागा. भिंतीचे माप सर्वांत शेवटी घ्यावे. भिंत काही सोफ्यावर बसत नाही!