ओहोटीच्या डबक्यातले छोटे मासे

समुद्रकिनारी गेलो की आपण लाटा बघतो, भेळ खातो, फोटो काढतो आणि परततो. पण किनारा खडकाळ असेल आणि ओहोटी लागलेली असेल, तर खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात बोटभर मासे भरतीची वाट बघत थांबलेले असतात. आज त्यांची ओळख करून घेऊया.

आधी वेळ ठरवा. मुंबई-कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. त्यानंतर साधारण 6 तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत लांब हटतं. तुम्ही चेन्नई किंवा पुरीला राहत असाल, तर मात्र तिथलं वेळापत्रक बघा.

डबक्याशेजारी शांत बसा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. दोन-तीन मिनिटांत लपलेले मासे बाहेर येतात.

तळाशी बसलेला मासा दिसला की पाठ बघा. पाठीवर दोन वेगवेगळे पर असतील तर तो बहुधा गोबी. त्याच्या पोटाखालचे पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्यांनी तो खडकाला चिकटून राहतो. पाठीवर एकच लांबलचक पर, तोंड बोथट आणि डोळ्यांवर बारीक तुरे असतील तर ती ब्लेनी. अंगावर पाच काळे उभे पट्टे मिरवणारं पिल्लू सार्जंट माशाचं. वरच्या पाण्यात थव्याने फिरणारी चंदेरी पिल्लं बऱ्याचदा बोयांची असतात. खडकांऐवजी चिखल असेल, तर टुणटुण उड्या मारणारी निवटी दिसेल. ओल्या त्वचेतूनही श्वास घेता येत असल्याने ती पाण्याबाहेर वावरते.

गुजरातमध्ये जामनगरजवळच्या नरारा इथे ओहोटीला केंड मासाही दिसतो. तो फुगतो म्हणून मुलांना गंमत वाटते, पण त्याच्या अंगात जीवघेणं विष असू शकतं. म्हणून नियम एकच: बघायचं, हात लावायचा नाही. सुंदर नक्षीचे शंखसुद्धा उचलू नका. कोन जातीची गोगलगाय विषारी डंख मारते.

दगड उचललाच तर होता तसा परत ठेवा, त्याच्याखाली कुणाची तरी अंडी असतात. मासे बाटलीत भरून घरी आणू नका. ते फार काळ जगत नाहीत. आणि पाणी वळलं की लगेच निघा. भरतीचं पाणी आपल्या मागच्या खोलगट भागात आधी शिरतं आणि परतीची वाट बंद होते.

फोटो काढलात, तर बाजारात मासे विकणाऱ्या मावशींना दाखवा. पुस्तकात नसलेलं नाव त्यांच्याकडे नक्की मिळेल. तुमच्या गावात त्या माशाला काय म्हणतात, तेही मुलांना वहीत लिहायला सांगा.