निवृत्ती घ्यावी, पण हिशेब मांडून

स्वेच्छानिवृत्ती हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत रुळला तो २०००-०१ या वर्षात. राष्ट्रीयीकृत बँकांनी आपला कर्मचारीवर्ग कमी करण्यासाठी त्या वर्षी एक योजना आणली. पंधरा वर्षांची सेवा झालेल्या किंवा वयाची चाळिशी गाठलेल्या कर्मचाऱ्यांना ती खुली होती. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या सेवाकाळाचा पगार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती सानुग्रह म्हणून मिळणार होती. देशभरातील सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ही योजना स्वीकारली. आयुष्यात प्रथमच एवढी मोठी रक्कम एकरकमी हाती आली होती आणि बहुतेक घरांतला हिशेबही सरळ होता : पैसे ठेवीत ठेवायचे, दहा-अकरा टक्के व्याज घ्यायचे आणि त्यावर संसार चालवायचा.

हा हिशेब तीन वर्षांतच कोलमडला. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होता. मार्च २००३ मध्ये तो ८ टक्क्यांवर आला. बँकांच्या मुदत ठेवींचे दर तर सहा टक्क्यांच्या आसपास घसरले. दहा लाखांच्या ठेवीवर वर्षाला लाख रुपये मिळतील या भरवशावर ज्याने नोकरी सोडली, त्याच्या हातात साठ हजार पडू लागले. मध्यंतरी जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने आपल्या ‘यूएस-६४’ योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबविली. सरकारी ठेवीइतकीच सुरक्षित मानून त्या योजनेत आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या कुटुंबांना तो मोठाच धक्का होता. या मंडळींनी उधळपट्टी केली नव्हती, जुगारही खेळला नव्हता. आजचा व्याजदर उद्याही राहील आणि आजचा खर्च उद्याही तेवढाच असेल, ही दोन गृहीतके मात्र त्यांनी तपासून पाहिली नव्हती.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे मुदतीपूर्वी निवृत्त होण्याचा विचार पुन्हा एकदा घराघरांत बळावला आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगममधून ७८ हजारांहून अधिक आणि महानगर टेलिफोन निगममधून १४ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. खाजगी क्षेत्रात तर पन्नाशीच्या आतच ‘आता पुरे’ म्हणणारी पिढी तयार झाली आहे. कुणाला नोकरीची दगदग नकोशी झाली आहे, कुणाला गावाकडच्या शेतीची ओढ आहे, तर कुणाला उरलेले आयुष्य एखाद्या सामाजिक कामासाठी द्यायचे आहे. यांपैकी कोणतीही इच्छा अनुचित नाही. आपल्या परंपरेने गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थाश्रम सांगितला. पण गृहस्थाची कर्तव्ये पार पाडल्यानंतरच तो सांगितला. म्हणूनच ‘माझ्याजवळ पुरेसे आहे का?’ हा प्रश्न धनलोभाचा मानण्याचे कारण नाही. तो कुटुंबाविषयीच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. समजा, एका गृहस्थांचे वय पन्नास आहे. घर स्वतःचे आहे, कर्ज नाही, मुलांची शिक्षणे आटोपली आहेत. घरखर्च महिन्याला ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि ठेवी मिळून १ कोटी रुपये जमले आहेत. व्याज ७ टक्के धरले तर वर्षाला ७ लाख मिळतात. खर्च जाऊन दोन लाखांहून अधिक शिल्लक राहतात. मग अडचण कोठे आहे?

अडचण महागाईत आहे. खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असे मानले, तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो आणि चोवीस वर्षांत चौपट. या गृहस्थांचा जमाखर्च वर्षागणिक मांडून पाहिला की एक विलक्षण गोष्ट दिसते. पहिली सात वर्षे त्यांची पुंजी वाढतच जाते आणि १ कोटी ८ लाखांवर पोहोचते. बाराव्या वर्षाच्या अखेरीसही ती १ कोटी २ लाख असते. आपला निर्णय अचूक ठरला, याविषयी एव्हाना त्यांच्या मनात शंका उरलेली नसते. त्यानंतर मात्र उतरण लागते आणि पुढच्या अकरा वर्षांत सारी पुंजी संपते. तेव्हा त्यांचे वय असते त्र्याहत्तर. व्याज ७ ऐवजी ६ टक्केच मिळाले, तर हा दिवस एकाहत्तरीच्या आतच उजाडतो. यात प्राप्तिकर धरलेला नाही, मोठे आजारपण धरलेले नाही, घराची डागडुजीही धरलेली नाही.

हेच गृहस्थ आणखी पाच वर्षे नोकरीत राहिले आणि त्या काळात वर्षाला ४ लाख रुपये बाजूला टाकत गेले, तर काय होईल? पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्याजवळ सुमारे १ कोटी ६३ लाख असतील. तोपर्यंत घरखर्चही महिन्याला साडेत्रेपन्न हजारांवर गेलेला असेल. तरीही याच व्याजदराने आणि याच महागाईने ही पुंजी त्यांना त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी वर्षांपर्यंत पुरेल. पाच वर्षांच्या नोकरीने म्हातारपणाची दहा वर्षे सुरक्षित झाली! याचे कारण उघड आहे. नोकरीचे प्रत्येक जादा वर्ष पुंजीत भर घालते, तिला वाढू देते आणि त्याच वेळी ती जितकी वर्षे पुरवायची, त्यांतले एक वर्ष कमी करते. आपला निर्णय सात वर्षांनी कसा दिसेल यावर जाऊ नये. पंचविसाव्या वर्षी काय उरेल ते पाहावे, हाच या उदाहरणाचा अर्थ.

ज्यांना एवढी आकडेमोड नको, त्यांच्यासाठी एक सोपी कसोटी आहे. सुरक्षित ठेवींवरचे व्याज दीर्घ मुदतीत महागाईची बरोबरी करते, त्याहून फार अधिक देत नाही, असे मानून चालावे. मग जितकी वर्षे काढायची, तितक्या वर्षांचा आजचा खर्च गाठीशी हवा. पन्नाशीत निवृत्त होऊन पंच्याऐंशीपर्यंतची तरतूद करायची, तर पस्तीस वर्षांचा खर्च हवा. वरील उदाहरणात ही रक्कम १ कोटी ६८ लाख होते. वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पुंजी असली की झाले, असा एक नियम अलीकडे आपल्याकडेही सांगितला जातो. त्याचे मूळ विल्यम बेंगेन या अमेरिकी अर्थसल्लागाराच्या १९९४ सालच्या अभ्यासात आहे. तो अभ्यास अमेरिकेतील शेअर आणि रोखे यांच्या इतिहासावर आधारलेला होता आणि तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी होता. आपल्याकडची महागाई वेगळी आणि पन्नाशीत नोकरी सोडणाऱ्याचा पुढचा काळही तीस वर्षांहून मोठा. तो आकडा जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे.

शिवाय ही वर्षे मोजायची कोणाच्या वयापासून? बहुतेक घरांत पत्नी पतीपेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असते आणि पतीच्या मागे अनेक वर्षे एकटीने संसार ओढते. म्हणून हिशेब तिच्या वयापासून मांडला पाहिजे आणि तिच्यासह बसून मांडला पाहिजे. ठेवी कोठे आहेत, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, विम्याची कागदपत्रे कोणत्या कपाटात आहेत, हे घरातल्या गृहिणीला ठाऊक नसेल तर कितीही मोठी पुंजी अपुरीच ठरेल.

निवृत्तिवेतनाचाही नीट विचार व्हावा. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी आलेल्यांना महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन आहे. त्यांचा प्रश्न तुलनेने सोपा. खाजगी नोकरीतील कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे स्वरूप वेगळे आहे. तेथे किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण निवृत्तिवेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. ते पन्नाशीनंतर आधी घेता येते. परंतु जितकी वर्षे आधी घ्यावे, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. २०१४ पासूनच्या १५ हजारांच्या वेतनमर्यादेने मोजले, तर तीस वर्षांच्या सेवेनंतरही ही रक्कम महिन्याला सात हजारांच्या आतच राहते आणि महागाईबरोबर ती आपोआप वाढत नाही. हा आधार आहे, पण त्यावर घर चालणार नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब आरोग्याची. नोकरी सुटली की कंपनीचा सामूहिक आरोग्यविमाही सामान्यतः सुटतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढील वयाच्या सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला प्रतिकुटुंब ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले, ही मोठीच सोय झाली. परंतु पन्नास ते सत्तर ही वीस वर्षे ज्याची त्यालाच निभावायची आहेत आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार डोके वर काढतात ते याच काळात. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ ठेवू शकते. म्हणून स्वतंत्र आरोग्यविमा राजीनाम्याच्या किमान तीन वर्षे आधी घेतलेला असावा. तो नसेल, तर निवृत्तीचा दिवस पुढे ढकलावा.

पुंजी कोठे ठेवायची, याचेही तारतम्य हवे. बँक बुडाल्यास प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या रकमेला ठेवविम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते केवळ १ लाख होते. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही, हे दोन टक्के जादा व्याजाच्या मोहात पडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दुसरीकडे, सारा पैसा ठेवींतच ठेवला तर महागाई तो कुरतडते, म्हणून काही भाग समभागांत किंवा म्युच्युअल फंडांत असणे योग्य. मात्र जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या घरात आला होता. बाजार सावरला, हे खरे. पण त्या वर्षी घरखर्चासाठी ज्याला समभाग विकावे लागले, त्याची पुंजी बाजाराबरोबर सावरली नाही. निदान चार-पाच वर्षांचा खर्च ठेवींत ठेवूनच उरलेल्या रकमेने जोखीम घ्यावी.

हे वाचून कुणी म्हणेल, असा हिशेब करीत बसले तर कुणीच निवृत्त होणार नाही. तसे नाही. उलट चूकही तितकीच सर्रास होते. पुरेसे असूनही भीतीपोटी किंवा खुर्चीच्या मोहापायी नोकरीला चिकटून राहणारे आणि अखेर शरीर थकल्यावर ‘आता वेळ आहे, पण उमेद नाही’ म्हणणारे कमी नाहीत. एखाद्या वसतिगृहाला, रुग्णसेवेच्या कामाला किंवा गावच्या शाळेला पन्नाशीतील अनुभवी माणसाची पाच वर्षे मिळणे ही मोठी देणगी असते. परंतु घरची चूल नीट पेटत असेल, तरच ती निर्वेधपणे देता येते. प्रपंच अर्धवट टाकून कामात आलेला माणूस दोन-चार वर्षांत पुन्हा नोकरी शोधू लागतो, तेव्हा घराचे आणि कामाचे, दोहोंचेही नुकसान होते.

म्हणून निर्णयापूर्वी एक प्रयोग करावा. निवृत्तीनंतर ज्या रकमेत भागवायचे ठरविले आहे, तेवढ्याच रकमेत नोकरी चालू असताना पूर्ण एक वर्ष घर चालवून पाहावे आणि उरलेला पगार बाजूला टाकावा. त्या वर्षात दिवाळी येईल, घरात एखादे लग्नकार्य निघेल, कुणाचे आजारपण उद्भवेल, आणि कागदावरचा खर्च आणि प्रत्यक्षातला खर्च यांतील अंतर कळून येईल. वर्ष समाधानाने पार पडले, विमा हाती असला आणि वर्षांचा हिशेब सहधर्मचारिणीच्या वयापर्यंत जुळत असला, तर मग घाबरण्याचे कारण नाही. राजीनामा द्यावा आणि मनाजोगत्या कामाला लागावे. हिशेब जुळत नसेल, तर आणखी तीन-चार वर्षे थांबावे आणि तोवर शनिवार-रविवार त्या कामासाठी द्यावेत.