माळ्यावरचे दूरदर्शन

परवा साताऱ्यात एका निवृत्त शिक्षकांच्या माडीवर बसून मी एक जुनी कॅसेट ऐकली. चित्र नाही, नुसता आवाज. 'किलबिल' या मुंबई दूरदर्शनच्या बालकार्यक्रमाचा हा एक भाग. गुरुजींनी तो दूरदर्शन संचापुढे टेपरेकॉर्डर ठेवून टिपलेला. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि कुणीतरी "दार लावा रे" म्हणून ओरडते. "ती आमची आई," गुरुजी म्हणाले.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि वर्षभरात सिंहगडावरून पुणे परिसराला त्याचे कार्यक्रम दिसू लागले. साताऱ्यातले हौशी लोक उंच बांबूला अँटेना बांधून ती सिंहगडाकडे वळवत. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, आणि "आलं का?", "मुंग्या आल्या!" असा संवाद. सांगलीची गोष्ट वेगळी. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली, पण ती उपग्रहावरून दिल्लीचे कार्यक्रम घेत. त्यामुळे मुंबईचे मराठी कार्यक्रम सांगलीकर मुलांना दुर्मीळच. गावभागातल्या एका बाईंनी सांगितले, की त्यांचा पुण्याचा मामा 'गोट्या' मालिका व्हीसीआरवर टिपून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवत असे. गल्लीतली वीस-पंचवीस पोरे ती पाहायला जमत.

या हौसेला आज वेगळेच मोल आले आहे. त्या काळी चित्रफिती महाग असल्याने दूरदर्शनमध्ये एका कार्यक्रमावर दुसरा टिपण्याची पद्धत होती. मुलांचे कार्यक्रम तर आधीच दुय्यम मानलेले. हा दोष आपलाच नव्हे. बीबीसीने आपल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले शंभराच्या आसपास भाग असेच गमावले. पण त्या सर्व भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे. कारण आमच्या गुरुजींसारखेच तिकडचे काही प्रेक्षक टेपरेकॉर्डर लावून बसत. २०१३ मध्ये त्यातले नऊ भाग थेट नायजेरियात सापडले, आणि त्याची बातमी जगभर झाली.

आपल्याकडे काय झाले? पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिने शाळकरी मुलांसाठी हजारो कार्यक्रम तयार केले. २०१७ मध्ये ती बंद झाली. तेव्हा चर्चा झाली ती कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगारांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण कार्यक्रमांच्या फितींविषयी मोजक्याच लोकांनी विचारले. शिवाय सरकारी फीत वाचली, तरी तिच्यात त्या संध्याकाळचे निवेदन, 'व्यत्यय'ची पाटी आणि बिस्किटांची जाहिरात नसते. ती घरच्या कॅसेटमध्ये असते.

आणि घरची कॅसेट मरते आहे. साताऱ्याच्या पावसाळी दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी चढते. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या बाईंच्या तळमजल्यावरच्या पेटीतल्या कॅसेट चार दिवस गाळात होत्या. व्हीसीआर तर २०१६ नंतर जगात कुठेच बनत नाहीत. म्हणजे फीत आणि यंत्र, दोन्ही एकदमच हातचे जात आहेत.

संग्राहक पुढे येत नाहीत, त्याला एक भीतीही कारण आहे. "सरकारी कार्यक्रम टिपला म्हणून गुन्हा नाही ना व्हायचा?" असे गुरुजींनी मला दोनदा विचारले. आपल्या कायद्यात प्रसारणावरचा प्रसारकाचा हक्क २५ वर्षे टिकतो, पण चित्रपटाच्या व्याख्येत बसणाऱ्या कृतींवरचा हक्क ६० वर्षे. अशा गुंत्यात साधा माणूस कॅसेट माळ्यावरच ठेवणार. प्रसार भारतीने २०२४ मध्ये 'वेव्हज' हे नवे व्यासपीठ काढून जुने कार्यक्रम दाखवायला घेतले, हे चांगलेच. पण काय हरवले आहे याची यादी तिने जाहीर करावी, आणि ते आणून देणाऱ्याला कसलाही जाब विचारला जाणार नाही असे लेखी सांगावे. या कामाला फारसा खर्चही नाही.

गुरुजींच्या नातवाने ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आहे. कुकरची शिट्टी काढून टाकू का, असे त्याने विचारले होते. गुरुजींनी काढू दिली नाही. सांगलीच्या बाईंनी गाळातल्या कॅसेट धुऊन वाळवल्या आहेत. त्या चालतात की नाही हे पाहायला त्यांना व्हीसीआर हवा आहे.