बंदरावर बावटा चढतो, आपल्या चावडीवर काय लागतं?



आज करप्यावर, खोडकिड्यावर किंवा युरियाच्या हप्त्यावर लिहीत नाही. आज तारखेवर लिहितो. आपल्या भागात कष्ट करून, पीक उभं करूनसुद्धा माणूस मार खातो तो बऱ्याचदा एका चुकलेल्या तारखेमुळं. आणि ती तारीख त्याला कोणी वेळेवर सांगितलेलीच नसते.

आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला केळदचा मढे घाट आहे. घाट उतरला की महाडचा मुलूख, आणि पुढं समुद्र, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर. तिथल्या कोळी माणसाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दर्यात वादळ असलं की बंदरावर बावटा चढतो. धोका वाढला की बावट्याचा नंबर वाढतो. दिवसा खूण, रात्री दिवे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही लांबूनच कळतं की आज होडी पाण्यात लोटायची नाही. पावसाळ्यातली मासेमारी बंदी घ्या. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. यांत्रिक होडीवाल्याला ती तारीख पाठ असते, कारण ती सगळ्यांना एकदम आणि आधी सांगितली जाते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. घरं गेली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पण किनाऱ्यावरची हजारो माणसं त्याआधीच सुरक्षित जागी हलवली होती. वारा कोणाला अडवता आला नाही, पण खबर वेळेत पोचली म्हणून पुष्कळ जीव वाचले. म्हणून मी म्हणतो, सरकारनं माणसाला द्यायची पहिली सेवा म्हणजे वेळेवर दिलेली खरी खबर. दाखला, अनुदान, भरपाई हे सगळं त्याच्या मागून येतं.

आता आपल्याकडं बघा. इथं दर्या नाही, पण मुदती आहेत. त्याही येतात आणि जातात, आणि आपण खाचरात वाकलेलो असतो.

पहिली गोष्ट ई-पीक पाहणीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करायची. खरिपाची मुदत साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला चालू होते आणि सप्टेंबरच्या मध्यावर संपते. कधी वाढवतात, कधी शेवटच्या दिवशी वाढवतात. लावणी नुकतीच उरकलेली असते, बेणणी चालू असते, पाऊस डोळा उघडू देत नाही. डोंगराच्या कुशीतल्या खाचरात रेंज येत नाही. आपली नोंद राहिली तर नंतर गावासाठी नेमलेला सहायक येऊन करतो, तशी सोय आहे. पण तो कधी येणार, कोण आहे, त्याला बांधावर नेऊन कोणी दाखवायचं, हे किती जणांना माहीत असतं? आणि सातबाऱ्यावर पीकच चढलं नाही तर पुढं नुकसानभरपाई, विमा, हमीभावाची खरेदी, सगळीकडं अडतं. इंद्रायणी कमरेएवढी उभी असते आणि कागदावर रान पडीक असतं.

दुसरी गोष्ट पीकविम्याची. इथं तर नियमच तीनदा फिरला. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. पाण्यानं पीक गेलं तर ७२ तासांत कळवा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला पाच टक्के झाला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरायला लागली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून रानटी जनावरांनी केलेलं नुकसान आणि भात पाण्याखाली जाणं, या दोन गोष्टी पुन्हा विम्यात घेता येतील आणि त्यासाठी ७२ तासांत कळवावं लागेल. कोणती जनावरं, कोणते जिल्हे, हे राज्यानं ठरवून जाहीर करायचं.

आता रानडुक्कर आणि भात हे दोन्ही शब्द आपल्याच शेतातले. म्हणजे ही खबर आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. पण मोबाईलवर आजही २०२३ चा, २०२४ चा आणि २०२५ चा मेसेज एकत्रच फिरतोय. कोणत्याच मेसेजवर तारीख नाही. शेतकऱ्यानं कोणता खरा धरायचा?

तिसरी गोष्ट शेतकरी ओळख क्रमांकाची. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक झाला. ज्याचा सातबारा स्वतःच्या एकट्याच्या नावावर आहे, आधारला मोबाईल जोडलेला आहे, त्याचं काम पटकन झालं. ज्याचं नाव आजोबाच्या नावाखाली इतर वारसांत अडकलंय, ज्या बाईचं आधारवर नाव एक आणि उताऱ्यावर दुसरं, तिला आधी कुठं जायचं हेच कोणी लिहून ठेवलेलं नाही.

त्यात गंमत बघा. आपल्या तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड करायला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. आनंदच आहे, राजगड आपला अभिमान आहे. त्याच वर्षी तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी. पुढच्या वर्षी कृषी सहायकांचे सहायक कृषी अधिकारी झाले. नावं वाढली, मान वाढला, चांगलं झालं. पण वरच्या वाडीवरून चार मैल चालत आलेल्या म्हातारीला आज साहेब भेटणार की नाही, हे अजून दाराचं कुलूप बघूनच कळतं.

आमच्या ओळखीतली अशीच एक आजी. तिला घराचा नमुना आठचा उतारा पाहिजे होता. पहिल्या वेळी साहेब मीटिंगला. दुसऱ्या वेळी लाईट नव्हती. तिसऱ्या वेळी सांगितलं, परवा या. तीन दिवसांची मजुरी गेली आणि गाडीभाडं वेगळं. कोणत्या गावात हे झालं ते सांगत नाही, कारण हे कोणत्याही गावात होतं आणि मला एका माणसाला धारेवर धरायचं नाही. एकेका अधिकाऱ्याकडं दोन-दोन, तीन-तीन गावं असतात, हेही मला माहीत आहे. पण त्या आजीला एक गोष्ट कोणीच सांगितली नाही. कायद्यानं तो उतारा पाच दिवसांत द्यायचा आहे, फी २० रुपये आहे, आणि अर्ज दिल्याबरोबर तारखेची पोच मिळाली पाहिजे. पोच हातात असती तर तिसरी खेप पडलीच नसती.

हा कायदा म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, विवाह नोंद, येणे बाकी नसल्याचा दाखला, निराधार असल्याचा दाखला, प्रत्येकाला मुदत बांधून दिलेली आहे. काम नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदतीत झालं नाही तर ३० दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना अडवलं असं ठरलं तर ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. आणि याच कायद्यात लिहिलंय की सेवांची यादी, मुदत, फी, अधिकारी आणि अपील कोणाकडं करायचं, हे सगळं कार्यालयाच्या फलकावर लावायचं.

माहितीचा अधिकार २००५ चा. त्याला आपण अर्ज करून माहिती मागायचा कायदा समजतो. पण त्याचं चौथं कलम सांगतं की कोणी मागायच्या आधी सरकारनं आपण होऊन माहिती द्यायची, स्थानिक भाषेत, आणि त्या भागात जी पद्धत जास्तीत जास्त पोचते त्या पद्धतीनं. फलक आणि जाहीर घोषणा यांचा उल्लेख त्यात सरळ आहे. म्हणजे मी काही नवीन मागत नाही. जे कागदावर आहे ते भिंतीवर आणा, एवढंच म्हणतो.

कोणी म्हणेल, दादा, आता प्रत्येकाकडं मोबाईल आहे, गावाचा ग्रुप आहे, फळा कोण वाचतो? ग्रुप चांगलाच आहे, मीही त्यात आहे. पण ग्रुपमध्ये कोण असतं? पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं असतात, पुढारी असतात. धनगरवाड्यावरचा माणूस, कातकरी वस्तीतली बाई, बटणाचा फोन वापरणारा म्हातारा त्यात नसतो. गावच्या राजकारणात ज्याला ग्रुपमधून काढलं तोही नसतो. ग्रुपवरची खबर सकाळच्या शुभेच्छांखाली दुपारपर्यंत गाडली जाते. फळ्यावरची खबर पुसेपर्यंत तिथंच राहते, आणि कोणत्या गटाचा माणूस वाचतोय ते फळा बघत नाही.

नसरापूरहून वेल्ह्याकडं येताना रस्त्यानं प्लॉट विक्रीचे फलक बघा. किती गुंठे, भाव काय, फोन कोणाला करायचा, सगळं ठळक अक्षरात. जमीन विकणाऱ्यासाठी एवढी माहिती आहे. जमीन कसणाऱ्यासाठी त्याच्या निम्म्यानं तरी असू दे की! आपलं मार्गासनी तर रस्त्यावरचं गाव. साखर-गुंजवण्याकडचा माणूस इथूनच ये-जा करतो. इथं एक नीट फळा लागला तर तो आजूबाजूच्या वाड्यांनाही उपयोगी पडेल.

फळा कसा असावा, ते माझ्या समजुतीनं सांगतो.

१. कामाचं नाव आणि शेवटची तारीख, सगळ्यात मोठ्या अक्षरात.
२. कागद कोणते लागतील. जे लागत नाहीत तेही लिहा, म्हणजे उगाच झेरॉक्सचा खर्च होणार नाही.
३. फी किती. फुकट असेल तर "फुकट" असंच लिहा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, हे लिहिलं तर त्याला पन्नास कोणी मागणार नाही.
४. कुठं, कोणाकडं, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत. साहेब येणार नसतील तर तेही आदल्या दिवशी.
५. काम झालं नाही तर अपील कोणाकडं.
६. फळा कोणत्या तारखेला लिहिला ती तारीख. ही सगळ्यात महत्त्वाची. जुनी खबर ही खोट्या खबरीइतकीच वाईट.

आणि शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा दवंडी. आता ढोल नको, मंदिराच्या स्पीकरवर दोन मिनिटं बास. वाड्यांवर आशाताई जातात, शाळेची पोरं जातात, त्यांच्या हाती एक चिठ्ठी पोचू शकते. याला खर्च किती? एक फळा, एक मार्कर आणि रोजची दहा मिनिटं.

कृषी विभागातली जी मंडळी हे वाचतात त्यांनाही विनंती. तुम्ही शेतीशाळा घेता, चारसूत्री सांगता, बीजप्रक्रिया करून दाखवता, ते आमच्या कामाचं आहे. त्याच बैठकीत शेवटची पाच मिनिटं या महिन्यातल्या तारखांना द्या. चांगलं पिकवलेलं भात कागदावर नसेल तर तुमचीही मेहनत वाया जाते.

आता आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानं घ्याव्याच लागतात. त्याला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाच-दहा जणांत ठराव होतात आणि आपण वर्षभर पारावर बसून नावं ठेवतो. त्या सभेआधी महिलांची वेगळी सभा असते, तिथं बायकांना पाठवायचं सोडून आपण त्यांना सह्यांपुरतं धरतो. मग खबर पोचत नाही म्हणून ओरडायचा आपला हक्क अर्धाच राहतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. येत्या ग्रामसभेत एकच विषय लेखी द्या: "ग्रामपंचायतीबाहेर तारखांचा फळा लावणे आणि तो दर सोमवारी नव्यानं लिहिणे." इतिवृत्तात तो नोंदवून घ्या. पहिला महिना लिहिला जातोय का ते बघा. नाही लिहिला तर पुढच्या सभेत विचारा. भांडायची गरज नाही, विचारायची आहे.

खरिपाची मुदत उघडण्याच्या आत हे झालं, तर यंदा निदान एक तरी माणूस "मला कोणी सांगितलंच नाही" असं म्हणणार नाही. तेवढं झालं तरी मला पुष्कळ आहे.

जय जवान, जय किसान.