आपला तो प्रचार, त्यांची ती माहिती



मागच्या मोर्चाची बातमी एका पेपरात आली. त्यात लिहिलंय, "अपप्रचाराला बळी पडून आदिवासी रस्त्यावर उतरले." किती एकर जमीन, कोणत्या गावची, किती वर्षं कसतात, यावर एक ओळ नाही. शब्द एकच टाकला, अपप्रचार, आणि बातमी संपली. हा शब्द कुठून आला ते बघू या.

इंग्रजीत त्याला प्रोपगंडा म्हणतात. मूळ लॅटिन. त्याच्या मुळाशी अर्थ आहे कलम लावून रोप वाढवणं, म्हणजे शेतकऱ्याचाच शब्द! 1622 साली रोमच्या पोपने धर्म पसरवायला एक मंडळ काढलं, त्याच्या नावात तो आला. तेव्हा ती शिवी नव्हती. पहिल्या महायुद्धात, 1918 साली, इंग्रज सरकारने लॉर्ड नॉर्थक्लिफ या वर्तमानपत्राच्या मालकालाच शत्रूच्या देशात प्रोपगंडा करायच्या कामावर नेमलं. उघड, त्याच नावाने. पुढे 1933 साली हिटलरने गोबेल्सला त्याच नावाचं खातं दिलं आणि शब्द नासला. 1939 ला युद्ध लागलं तेव्हा इंग्रजांनी आपल्या खात्याचं नाव ठेवलं माहिती मंत्रालय. काम तेच. जर्मनीचा तो प्रोपगंडा, आमची ती माहिती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्या काळचे पेपरही याच चालीने लिहायला लागले.

आता आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात या. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले. वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, अशी शपथ घेतली. मग गवत कापायची मजुरी मागितली, पाचशे पौंडाला अडीच रुपये. जमीनदार आणि सरकार दोघं म्हणाले, हे बाहेरच्या कम्युनिस्टांनी भडकवलंय, वारल्यांना स्वतःचं काही कळत नाही. किसान सभेचे कार्यकर्ते तर आपल्या कामाला प्रचार म्हणायला लाजत नव्हते. पण त्यांनी वेठ शोधून काढली नव्हती. त्यांच्या आधी, 1939 साली छापलेल्या अहवालात सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वेठीची हकीगत लिहून ठेवलीय. मुंबई सरकारचाच अहवाल! सरकारच्या कपाटात होती तेव्हा ती माहिती. वारली तोंडाने बोलला तेव्हा झाला प्रचार.

10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. लोक तिथे का जमले? किसान सभेचं म्हणणं असं की जमीनदारांच्या माणसांनीच उठवलं होतं, गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला या. आणि दुसरीकडे पोलिसांना कळवलं की वारली दंगा करायला जमलेत. मला विचाराल तर त्या वर्षातला खरा अपप्रचार हाच. पण जमीनदाराच्या बोलण्याला तो शब्द कोणी लावला नाही.

1946 ला मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं. बाळासाहेब खेर प्रमुख, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. पारुळेकर पती-पत्नीला जिल्ह्यातून हद्दपार केलं. खेरांनी स्वतः 1940 ला आदिवासी सेवा मंडळ काढलं होतं. त्यांनी काही चांगलं केलं नाही असं मी म्हणत नाही. पण गावात येऊन शिकवलं की सेवा, आणि मजुरी मागायला शिकवलं की प्रचार, हा हिशोब कसा?

या शब्दात आपला एक अपमान लपलाय, तो मला जास्त लागतो. "बळी पडले" म्हटलं की आपल्याला डोकं नाही असं होतं. ज्याने वेठ केली त्याला वेठ काय असते हे बाहेरच्याने येऊन सांगायला लागतं का? ज्याच्या प्लॉटवरचं उभं पीक उपटलं त्याला कोणी भडकवायला लागतं का?

पेपरवाल्यावर चिडून भागत नाही. तो गावात येत नाही, कचेरीत बसून विचारतो, तिथून जे मिळेल ते छापतो. आपण त्याच्या हातात कागद ठेवू. ज्यांच्याकडे वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या, एकसाली प्लॉटचे कागद असतील त्यांनी पुढच्या बैठकीला आणावेत. पावती फाटकी असली तरी चालेल, तारीख दिसली पाहिजे. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत आणावं, त्यांचं सांगणं आपण लिहून घेऊ आणि अंगठा घेऊ. ते सगळं त्या पेपरला नेऊन देऊ. छापतात की नाही ते पुढच्या अंकात कळवतो.