अँटिबायोटिकच्या आधी लघवीची बाटली

जुलाब होणाऱ्या बाळाला ताप आला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘दात येताहेत.’ सदाशिव पेठेत, पेरुगेटाच्या मागच्या गल्लीत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. काउंटरवर हे वाक्य मी नेहमी ऐकते. दात येताना हिरड्या शिवशिवतात, बाळ किरकिरं होतं; १०२ ताप दातांनी येत नाही. जुलाबांनी येऊ शकतो. पण कधीकधी दुखणं मुळात लघवीत असतं आणि दिसतं उलट्या-जुलाबांतून. शू करताना जळजळतंय हे तान्ह्या बाळाने सांगायचं कसं?

ताप आहे पण कारण सापडत नाही, अशी दोन वर्षांखालची शंभर बाळं तपासली तर साधारण सात जणांना लघवीचं इन्फेक्शन निघतं. जुलाब असले की कारण सापडल्यासारखं वाटतं आणि लघवीकडे कुणी बघतच नाही. बहुतेक वेळा दोषी असतो ई. कोलाय, म्हणजे आतड्यातलाच रहिवासी. पातळ शी डायपरभर पसरते. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, त्यात अंगातलं पाणी कमी झाल्याने लघवीही कमी. जंतूला वर चढायला याहून सोयीचं काय हवं?

जुलाब झालेल्या प्रत्येक बाळाची लघवी तपासा, असं मी म्हणत नाही. बहुतेकांना ओआरएस, झिंक आणि आईचं दूध पुरतं. अँटिबायोटिकची गरजच नसते. पण ताप चढा असेल, जुलाब आटोक्यात येऊनही उतरत नसेल, शू करताना बाळ कळवळत असेल किंवा आधी असं इन्फेक्शन होऊन गेलं असेल, तर लघवी तपासायलाच हवी. आणि तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी.

माझं सगळं म्हणणं या ‘आधी’पाशी आहे. आमच्याकडे बाटली येते ती बऱ्याचदा चौथ्या दिवशी, तीन दिवस सिरप देऊन झाल्यावर. कल्चरच्या प्लेटवर काहीच उगवत नाही. इन्फेक्शन नव्हतंच, की औषधाने अर्धवट दबलं? ते आता कुणालाच सांगता येत नाही. हे कळणं महत्त्वाचं असतं, कारण तापासह लघवीचं इन्फेक्शन झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढण्याचा दोष असतो. निदान झालं तर सोनोग्राफी होते, लक्ष ठेवलं जातं. हुकलं तर पुन्हापुन्हा होणाऱ्या इन्फेक्शनने किडनीवर व्रण पडू शकतात.

दुसरी अडचण नमुन्याची. निंबाळकर तालमीकडून एक आजोबा आले. मुलगा-सून हिंजवडीला कामावर, नातीचं सगळं त्यांच्यावर. ‘मॅडम, अर्धा चमचाच मिळाली. चालेल ना?’ ‘चालेल काका. धरली कधी?’ ‘सात वाजता.’ तेव्हा साडेदहा वाजले होते आणि बाटली सगळा वेळ पिशवीत होती. साध्या तापमानाला जंतू भराभर वाढतात. तासाभरात लॅबमध्ये पोचवता येत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

चिकटवायच्या पिशवीतून आलेल्या नमुन्याची गत आणखी वाईट. जुलाब चालू असताना शी त्यात मिसळतेच. खऱ्या इन्फेक्शनमध्ये प्लेटवर बहुधा एकाच जातीचे, एकसारखे गुलाबी ठिपके दाट उगवतात. पिशवीच्या नमुन्यात गुलाबी, पांढरे, मोठे, बारीक असा बाजार भरतो. मग मला लिहावं लागतं, ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवा’, आणि तोवर औषध सुरू झालेलं असतं.

खरं तर बाळाला धरून ‘शूऽऽ’ करणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघर आहेत. साबण-पाण्याने धुऊन पुसायचं, निर्जंतुक बाटलीचं झाकण आयत्या वेळी उघडायचं, सुरुवातीची धार सोडून पुढची धरायची. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक साधी युक्ती तपासून प्रसिद्ध केली: ओटीपोटावर गार ओला गॉझ हलके फिरवला, तर पाच मिनिटांत शू करणाऱ्या बाळांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेलं. एवढं करूनही जमलं नाही आणि बाळ मलूल असेल, तर डॉक्टरांनी बारीक नळीने नमुना घ्यावा. नळी म्हटलं की आईवडील घाबरतात. ते काही क्षणांचं काम आहे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगायला हवं.

बालरोगतज्ज्ञांना माझी विनंती आहे: जुलाब-तापाच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक लिहायचंच असेल, तर त्याच्या वरच्या ओळीत ‘युरिन रुटीन, कल्चर’ लिहा आणि बाटली दवाखान्यातच हातात द्या. आजी-आजोबांनो, ती ओळ नसेल तर विचारा. घरात उरलेलं सिरप मनाने सुरू करू नका. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर ताप दिसताच थेट हॉस्पिटल गाठा. बाटलीचं तिथले लोक बघतील.